बालवाडीत गेल्यापासून पोर सारखं आजारी पडतंय, प्रतिकारशक्ती कमी आहे का?

प्रश्न: माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. जूनमध्ये बालवाडीत घातल्यापासून दर दोन-तीन आठवड्यांनी सर्दी, खोकला, ताप सुरू आहे. मानेला बारीक गाठी हाताला लागतात. मेडिकलमधून इम्युनिटीचं टॉनिक आणलंय. सासूबाई गुळवेलाचा काढा द्या म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात एक इंजेक्शन मारून आणा, दिवसात ताप उतरतो. मधल्या दिवसांत तो चांगला खेळतो, पोटभर जेवतो, वजनही वाढतंय. त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का? ती वाढवायला काय द्यावं? (एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर)

ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी सहज लिहून गेला आहात. तो खेळतो, जेवतो आणि त्याचं वजन वाढतंय. ज्या मुलाचं संरक्षण खरोखर दुबळं असतं ते सहसा असं वाढत नाही.

बालवाडीच्या पहिल्या वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी-ताप येणं निरोगी मुलांतही सर्रास दिसतं. घरात थोरलं भावंड असेल, वर्गात दाटी असेल, तर आकडा दहाच्याही वर जातो. एकेक सर्दी आठ-दहा दिवस चालते, खोकला तर दोन-तीन आठवडे मागे रेंगाळतो. म्हणजे पावसाळाभर पोर आजारीच आहे असं घरच्यांना वाटणार, यात नवल नाही. सर्दी आणणारे विषाणू शेकड्यांनी आहेत. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. तुमच्या मुलाची त्यांच्याशी पहिली गाठ आत्ता पडते आहे.

पण "काय देऊन वाढवू?" हा प्रश्न माझ्याकडे जून ते ऑक्टोबर रोज येतो, म्हणून आतमध्ये नेमकं काय घडतं ते नीट सांगते. शरीराला दोन गोष्टी जमाव्या लागतात. परकं कोण आणि आपलं कोण हे ओळखणं, ही पहिली. आणि काम झालं की वेळेवर थांबणं, ही दुसरी. नुसता जोर वाढून यातलं काहीच साधत नाही. अवेळी किंवा चुकीच्या जागी वाढलेला जोर आपल्यालाच भोवतो, त्याची उदाहरणं पुढे येतील.

सुरुवात कातडीपासून. कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो सतत झडत असतो, त्यामुळे जंतूंना तळ ठोकता येत नाही. घाम आणि त्वचेचं तेल मिळून ती किंचित आंबट राहते, तेही बऱ्याच जंतूंना मानवत नाही. ही कातडी धड असणं किती महत्त्वाचं आहे ते आपल्या भागाने पुरात पाहिलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी घरादारात शिरलं, तेव्हा आम्हा डॉक्टरांना मोठी धास्ती लेप्टोची होती. हा जंतू उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात येतो. धडधाकट कातडीतून त्याला आत शिरणं अवघड जातं. पण टाचेच्या भेगा, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, उसाच्या पात्याने कापलेली पोटरी, एवढी वाट त्याला पुरते. म्हणून पुराच्या पाण्यात गमबूट घाला, जखम झाका आणि जोखीम असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घ्या, असं सांगितलं जातं.

नाकातली व्यवस्था वेगळी. तिथल्या चिकट शेंबडात धूळ आणि जंतू अडकतात आणि पेशींवरचे बारीक केस तो शेंबूड एकसारखा घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळतो आणि पोटातलं आम्ल उरलेलं काम करतं. डोळ्यांतलं पाणी आणि लाळ यांत लायसोझाइम नावाचं द्रव्य असतं, ते काही जंतूंचं कवचच फोडतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२२ मध्ये, पेनिसिलिनच्या आधी, शोधलं होतं. घरात चुलीचा, मच्छरांच्या कॉइलचा किंवा सिगारेटचा धूर असेल तर नाका-श्वासनळीतले हे केस नीट काम करत नाहीत. दहा टॉनिकांपेक्षा घरातला धूर बंद करण्याचा उपयोग मोठा आहे.

हिरव्या शेंबडाबद्दल जाता जाता सांगते, कारण त्यावरून फार घाबरायला होतं. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या हिरवट रंगाच्या एका द्रव्यामुळे. "हिरवा झालाय, आता अँटिबायोटिक लागणार" हा समज खरा नाही.

या बाहेरच्या बंदोबस्तातून जंतू आत आलाच, तर पहिली हालचाल काही मिनिटांत-तासांत सुरू होते. जंतू कोणता आहे हे तेव्हा कळलेलं नसतं. तो परका आहे एवढंच कळतं आणि तेवढं पुरतं. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक बारीक काटा खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झाल्या होत्या. परक्या वस्तूला गिळणाऱ्या पेशी असतात, ही कल्पना तिथून पुढे आली आणि १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं. तुमच्या मुलाच्या पायात बाभळीचा काटा मोडला की हेच घडतं. जागा लाल होते, कारण तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. सुजते, कारण त्यांतून द्रव आणि पेशी बाहेर येतात. ठणकते, म्हणून पोर त्या पायावर भार देत नाही. आणि पू म्हणजे बहुतांशी जंतू गिळून मेलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा साठा.

विषाणूचं थोडं वेगळं. तो पेशीच्या आत शिरून बसतो, तिथे गिळणाऱ्या पेशींचा हात पोचत नाही. अशा वेळी लागण झालेली पेशी इंटरफेरॉन नावाचं द्रव्य सोडते. ते शेजारच्या पेशींना सावध करतं आणि त्या विषाणूला आपल्यात वाढू देत नाहीत. तापात अंग मोडून येतं, कसकस होते, काही खावंसं वाटत नाही, ते या आणि अशा इतर द्रव्यांमुळे. तो त्रास विषाणूने दिलेला कमी आणि आपल्या प्रतिसादाचा जास्त असतो.

आता तापाकडे येते. याच एका बाबतीत माझं पालकांशी सगळ्यात जास्त बोलणं होतं. ताप हा जंतूने पेटवलेला नसतो. पांढऱ्या पेशींनी सोडलेली द्रव्यं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला निरोप देतात आणि तो शरीराचं तापमान मुद्दाम वर नेतो. नेमकं वर चढवण्यासाठी स्नायू थरथरतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. वाढलेल्या तापमानात बरेच विषाणू नीट वाढत नाहीत आणि पांढऱ्या पेशींचं काम वेगाने चालतं. म्हणून १०१ चा ताप असलेलं पण खेळणारं मूल औषध न देता राहिलं तरी चालतं. पॅरासिटामॉल द्यायचं ते पोराला बरं वाटावं, त्याने पाणी प्यावं, झोपावं म्हणून. डोस वजनावर ठरतो: किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत किमान चार ते सहा तास जायला हवेत. दुकानात एकाच औषधाच्या वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात. मागच्या वेळी पाच मिली दिलं होतं म्हणून या वेळीही पाच मिली, असं करू नका. लेबल वाचा. तापात गोधड्यांनी गुंडाळू नका आणि थंडगार पाण्यात बसवूही नका.

शेजारच्या काकू सांगतात त्या इंजेक्शनबद्दल स्पष्ट लिहिते. दिवसात ताप उतरवणाऱ्या इंजेक्शनात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड हे दम्याच्या अटॅकमध्ये, तीव्र ॲलर्जीमध्ये, काही गंभीर आजारांत जीव वाचवणारं औषध आहे. साध्या विषाणूच्या तापात मात्र ते शरीराचा प्रतिसादच दाबून टाकतं. ताप दिसेनासा होतो, विषाणू तिथेच असतो. त्यात न्यूमोनिया किंवा टायफॉइड असेल तर त्याची लक्षणंही झाकली जातात आणि निदानाला उशीर होतो. वारंवार दिलं तर मुलाची वाढही खुंटते. इंजेक्शन नाकारण्याचा आणि त्यात काय आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मानेतल्या गाठी. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे शेतावरच्या कुणालाही माहीत असतं. मानेतल्या गाठी त्याच जातीच्या. लसीका ग्रंथी शरीरात शेकडो आहेत, आणि नाका-घशाचं पाणी मानेतल्या ग्रंथींकडे वाहून येतं. काही पेशी जंतूचा तुकडा घेऊन नाकातून या ग्रंथीपर्यंत येतात आणि तिथल्या टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशींना तो दाखवत राहतात. लाखो पेशींमधून त्या तुकड्याशी जुळणारी एखादीच सापडते. ती सापडली की ती झपाट्याने वाढू लागते, एकीच्या हजारो होतात, आणि ग्रंथी सुजते. वाटाण्याएवढ्या, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी या वयात जवळजवळ प्रत्येक मुलाच्या मानेत लागतात. गाठ दोन सेंटीमीटरहून मोठी असेल, घट्ट असेल, एका जागी रुतलेली असेल, वाढतच असेल, गळपट्टीच्या हाडावर असेल, किंवा सोबत वजन उतरणं, रेंगाळणारा ताप असेल तर दाखवा. आपल्या देशात क्षयाची शंका मनात ठेवावीच लागते.

मला स्वतःला या सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही, की जुळणारी पेशी जंतू येण्याआधीच शरीरात तयार असते. बी पेशी बनताना जनुकांचे तुकडे निरनिराळ्या प्रकारे जोडले जातात, आणि त्यामुळे जगात अजून न जन्मलेल्या विषाणूलाही जुळेल अशी पेशी आपल्यात असू शकते. सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल या शोधासाठी मिळालं.

मग प्रश्न येतो, असे तुकडे वाटेल तसे जुळवले तर आपल्याच शरीरावर चालून जाणाऱ्या पेशीही बनणार. त्या बनतातच. त्यांना गाळण्यासाठी छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. आपल्या गंगावेशीच्या तालमीत वस्ताद नव्या पोरांना पारखतो तशी तिथे टी पेशींची पारख होते. जिला काहीच ओळखता येत नाही ती बाद आणि जी आपल्याच अंगावर हात टाकते तीही बाद. शंभरातल्या नव्वदहून जास्त पेशी तिथेच संपतात, बाहेर पडतात त्या थोड्या. ही ग्रंथी बालपणी जोरात काम करते आणि पुढे वयाबरोबर आक्रसत जाते. मूल कुपोषित असेल तर ती अकाली सुकते, म्हणून पोटभर, सकस जेवण हे मुलाच्या संरक्षणाचं खरं भांडवल आहे.

ही सगळी निवड आणि वाढ व्हायला पहिल्या खेपेला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून नवा आजार आठवडाभर छळतो. बी पेशींपासून प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला नेमकी चिकटणारी प्रथिनं, बनतात: आधी आयजीएम प्रकारची, मग जास्त नेमकी आयजीजी. आजार सरला की बहुतेक पेशी मरतात आणि थोड्या मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या इतक्या लवकर कामाला लागतात की आपल्याला काही झालं होतं हे कळतही नाही. तुमचा मुलगा या वर्षभरात हेच साठवतो आहे. पुढच्या वर्षी आजारपणं कमी झालेली दिसतील.

मात्र आजार काढून शिकणं प्रत्येक वेळी परवडत नाही. गोवराचं उदाहरण घ्या. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. पण तो विषाणू आठवण साठवणाऱ्या पेशींमध्येच वाढतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तातली इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. म्हणजे पोराने आधी कमावलेलंही गेलं. धनुर्वाताचं तर आणखी वेगळं. त्याचं विष इतक्या कणभर प्रमाणात माणसाला आडवं करतं की शरीराला त्याची ओळखच पटत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. आखाड्यातली लाल माती असो, गुऱ्हाळघर असो की गोठा, आपला निम्मा जिल्हा मातीत हात घालून जगतो. इथे संरक्षण लसच देते. मुलाच्या लसीबरोबर घरातल्या मोठ्यांनीही आपला टीडीचा (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा) शेवटचा डोस कधी झाला ते आठवून पाहा.

लस काय करते, तर आजार न देता ओळख करून देते. सासूबाईंच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण असेल, बघा. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीपासून सुरू केलेल्या त्या लसीने १९८० पर्यंत जगातून देवीचा रोग संपला. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. माझ्या विद्यार्थिदशेत पोलिओने पाय लुळा पडलेली मुलं वॉर्डात असायची. आताच्या शिकाऊ डॉक्टरांनी तसं मूल पाहिलेलं नसतं. मला या कामात याहून मोठा आनंद दुसरा नाही.

बाळाला पहिली काही महिने आईची शिदोरी असते. आयजीजी वारेतून बाळाकडे जाते आणि चीकदुधातून, अंगावरच्या दुधातून आयजीए मिळत राहते. वारेतून आलेली प्रतिपिंडं हळूहळू ओसरतात. ती असताना गोवराची लस दिली तर ती लसीलाच निकामी करतात, म्हणून आपल्याकडे एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. चीकदूध पिळून टाकण्याची रीत अजून काही घरांत आहे. ते टाकू नये.

आता चुकीच्या जागी वाढलेला जोर आपल्यालाच कसा भोवतो त्याबद्दल. डेंगीचे चार प्रकार आहेत. एकाची लागण होऊन गेली आणि पुढे दुसऱ्याची झाली, तर आधीची प्रतिपिंडं नव्या विषाणूला पूर्ण निकामी करत नाहीत, उलट त्याला पेशींत शिरायला मदत करू शकतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंगी जास्त धोक्याचा ठरू शकतो. आणि त्यात रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा काळ बहुतेकदा ताप उतरताना येतो. ताप उतरला पण पोर मलूल आहे, पोट दुखतंय, सारख्या उलट्या होताहेत, लघवी कमी झाली आहे, तर त्याच क्षणी सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या हॉस्पिटलला न्यायचं. डेंगीची शंका असताना आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन देऊ नका.

घशाचंही असंच. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जीवाणूचे काही भाग आपल्या हृदयाच्या ऊतींसारखे दिसतात. त्याच्याविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं मग हृदयाच्या झडपांवर उलटतात. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा, आणि झडप कायमची बिघडू शकते. हा आजार (रुमॅटिक फीव्हर) मुख्यतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत दिसतो. म्हणून मी सर्दीला अँटिबायोटिक देत नाही, पण सर्दी-खोकला नसताना अचानक ताप, गिळताना दुखणं, घशात पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखरी गाठ असेल तर तपासून देते, आणि तेव्हा कोर्स पूर्ण करायलाच लावते. साध्या सर्दीत दिलेलं अँटिबायोटिक विषाणूला काही करत नाही. आतड्यातले उपयोगी जीवाणू मात्र मारतं, आणि लहान वयात संरक्षण व्यवस्था आपलं-परकं शिकते त्यात त्या जीवाणूंचा मोठा हात असतो.

टॉनिक बंद केलंत तरी चालेल. गुळवेलाबद्दल सासूबाईंचा मान राखून सांगते. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. माझं मत असं, की चार वर्षांच्या निरोगी मुलाला रोजचा काढा देण्याइतका त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, तेव्हा देऊ नये. हळदीचं दूध आवडत असेल तर खुशाल द्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोजच्या ताटात डाळ-उसळ, अंडं किंवा मटणाच्या पांढऱ्या रश्श्यातले मऊ तुकडे, हिरवी भाजी, एखादं फळ. दूध दिवसाला अर्धा लिटरच्या आत ठेवा. त्यापुढे जेवण मागे पडतं आणि रक्तातलं लोह घसरतं. झोप दिवस-रात्र मिळून दहा ते तेरा तास. शाळेतून आल्यावर साबणाने हात. आजारी असेल त्या दिवशी शाळा नको, त्याच्यासाठीही आणि वर्गातल्या इतरांसाठीही.

संरक्षण खरोखर कमी असल्याची शंका मला कधी येते? वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, चार किंवा अधिक वेळा कान फुटला, खोलवर गळवं पुन्हा पुन्हा आली, वर्षाच्या पुढेही तोंडातली पांढरी बुरशी जात नाही, महिनोन्महिने अँटिबायोटिक देऊनही उतार नाही, वजन वाढत नाही, किंवा कुटुंबात अशा आजाराने लहान मूल दगावलेलं आहे, तेव्हा. मग रक्तातल्या पेशी आणि प्रतिपिंडं मोजून पाहतो. तुमच्या लिहिण्यात यातलं एकही नाही.

सर्दी-खोकल्यात मात्र एक गोष्ट घरी शिकून घ्या. पोर शांत झोपलेलं असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. त्याच्या वयात ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि लसीकरणाचं कार्ड काढून बघा. सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यानचे डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) बूस्टर आणि एमआरचा दुसरा डोस कार्डावर नसेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात चालू आठवड्यातच नेऊन आणा. तिथे हे मोफत मिळतं. साधी सर्दी असली तरी लस देता येते. पाच वर्षं पूर्ण झाली की डीपीटीचा दुसरा बूस्टर. घटसर्प आणि डांग्या खोकल्याविरुद्धची आठवण तोवर फिकट झालेली असते, म्हणून तो चुकवू नका.